ग्रंथविक्री आणि परस्पर उत्तरदायित्व

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त कुंडल येथे ख्रिस्ती लेखक व वाचक यांच्या सभेत केलेले भाषण)



महोत्सवाचा समय हा देवाचे आभार मानण्याचा समय. गेल्या वर्षांत ज्यांनी येथे प्रार्थना केली, मुलांस शिकविले, आजाऱ्यांच्या उशाशी बसून रात्री काढल्या, त्या सर्वांचे स्मरण आज सकाळच्या मिस्साबलिदानात आपण केलेच आहे. अशा मंगल प्रसंगी आम्ही ग्रंथांच्या खपाविषयी, म्हणजे उघड बाजाराविषयी, बोलावयास उभे राहिलो, हे कित्येकांस अनुचित वाटेल. वेदीपासून दुकानापर्यंतचे अंतर फार मोठे आहे, असे आपण समजतो. परंतु जो ग्रंथ लिहिला गेला, छापला गेला, आणि वाचकाच्या हाती कधी गेलाच नाही, त्याची गत प्रभूने सांगितलेल्या दृष्टांतातील जमिनीत पुरून ठेवलेल्या द्रव्यासारखी होय. तो दास चोर नव्हता, उधळ्याही नव्हता. त्याचा दोष एवढाच की, हिशेब द्यावयाचा आहे हे ठाऊक असूनही त्याने धन्याचे द्रव्य मातीआड केले. आजचा आमचा विषय हा हिशेबच आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. आपल्या समाजातील एखादा शिक्षक, एखादी परिचारिका, एखादा धर्मशिक्षक वर्षानुवर्षे रात्री जागून एक पुस्तक लिहितो. प्रकाशक मिळत नाही. मग पतसंस्थेचे कर्ज काढून, कित्येकदा पत्नीच्या पाटल्या गहाण ठेवून, तो स्वतःच पाचशे प्रती छापून घेतो. प्रकाशनाचा दिवस थाटाचा होतो. शाल येते, श्रीफळ येते, भाषणे होतात, आणि व्यासपीठावरील प्रत्येक पाहुण्यास एकेक प्रत भेट जाते. नातलगांस भेट, धर्मगुरूंस भेट, शेजाऱ्यांस भेट, अशा पन्नाससाठ प्रती संपतात. उरलेले गठ्ठे पलंगाखाली जाऊन बसतात, आणि पहिल्या पावसाळ्यानंतर वाळवी हीच त्यांची नित्यनेमाची वाचक ठरते. कर्जाचा हप्ता मात्र महिन्याच्या महिन्यास येतो. त्या घरात दुसऱ्या पुस्तकाचे नावही पुन्हा निघत नाही. पाटल्या गेल्या याचे दुःख आहेच. परंतु त्याहून मोठी हानी ही की, एक लेखणी कायमची मिटली, आणि तिच्याबरोबर आपल्या समाजाच्या अनुभवाचा एक कोपरा अंधारात गेला.

असे का होते? लोक वाचीत नाहीत, हे उत्तर सोपे आहे, परंतु पुरते खरे नाही. आम्हांस दिसणारी कारणे निराळी आहेत. एक तर, स्वतःच्या पुस्तकाची किंमत स्वतःच्या तोंडाने मागणे लेखकास लाजिरवाणे वाटते, आणि या लाजेस तो नम्रता असे गोड नाव देतो. दुसरे, ओळखीच्या माणसाचे पुस्तक फुकट मिळावे हा आपला हक्कच आहे, असे आपण वाचक समजतो. सुताराकडून खुर्ची फुकट मागावयास ज्याची जीभ रेटत नाही, तोच लेखकाकडे प्रत हसत हसत मागतो. तिसरे कारण सर्वांत मोठे आहे. लेखक एकटा असतो, आणि त्यास कोणी काही विचारीत नाही. लिहिताना “प्रकरण कोठवर आले?” असे कोणी विचारीत नाही, छापण्यापूर्वी “हे पान खरोखर हवे आहे काय?” असे कोणी विचारीत नाही, छापल्यावर “या महिन्यात किती प्रती गेल्या?” असेही कोणी विचारीत नाही. जेथे विचारणारा नाही, तेथे आळस आणि निराशा या दोघी बहिणी बिनभाड्याने येऊन राहतात.

या रोगावर शास्त्राने औषध सांगितलेले आहे. प्रभूने शिष्यांस गावोगाव धाडिले ते एकेकटे नव्हे, दोघे दोघे. संत पौलाने यरुशलेमेतील गरिबांसाठी वर्गणी गोळा केली, तेव्हा ती रक्कम एकट्याच्या हाती ठेविली नाही. तीताबरोबर मंडळ्यांनी पसंत केलेला आणखी एक बंधू दिला, आणि त्याचे कारणही करिंथकरांस स्पष्ट लिहून कळविले: या कामी कोणी बोट दाखवू नये, आणि व्यवहार देवापुढे जसा चोख तसा माणसांपुढेही चोख दिसावा. पौलाच्या प्रामाणिकपणाविषयी कोणास शंका होती म्हणून ही व्यवस्था झाली नाही. पवित्र कामासही साक्षीदार असावा म्हणून झाली. ग्रंथप्रसारापुरते पाहावयाचे तर कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्राचा शेवट पाहावा. हे पत्र तुमच्याकडे वाचून झाले की लावदिकीयाच्या मंडळीत वाचले जाईल असे करा, आणि तिकडचे पत्र तुम्ही वाचा, अशी तेथे आज्ञा आहे. एका गावचे लिखाण दुसऱ्या गावी पोहोचविण्याची जबाबदारी लिहिणाऱ्यावर नव्हे, वाचणाऱ्या मंडळीवर टाकिली आहे. आमच्या आजच्या भाषणाचे सारे बीज एवढ्यात आले.

आता आपल्या मराठी भूमीकडे वळू. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज येशूसंघीय १५७९ साली गोव्यास आले आणि १६१९ साली तेथेच वारले. त्यांचे क्रिस्तपुराण १६१६ साली राचोल येथे छापले गेले. जवळजवळ अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ रोमन लिपीत छापलेला, परंतु भाषेने मराठी. तो का लिहिला याचे कारण ग्रंथातच आले आहे: नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांनी, आम्हांस वाचावयास व ऐकावयास आमच्या भाषेत पुराण द्या, अशी मागणी केली. म्हणजे वाचकांनी मागितले आणि लेखकाने दिले. १६४९ व १६५४ साली त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. पुढे १६८४ साली पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषेविरुद्ध हुकूम काढला, आणि काळाच्या ओघात त्या तिन्ही छापील आवृत्त्या अशा नाहीशा झाल्या की आज त्यांची एक प्रतही उपलब्ध नाही. तरीही ग्रंथ मेला नाही. भाविकांनी तो हाताने उतरवून घेतला, देवळांत व घरांत गायिला, मुलांस शिकविला. आणि अशाच हस्तलिखितांच्या आधारे जे. एल. सालढाणा यांनी १९०७ साली मंगळुरास तो पुन्हा छापून काढिला. ज्या ग्रंथाचा जामीन छापखाना होता तो लुप्त झाला. ज्याचे जामीन वाचक होते तो उरला. बंधुभगिनींनो, उत्तरदायित्व म्हणजे काय, याचा याहून बोलका दाखला आम्हांस ठाऊक नाही.

दुसरा दाखला एका घराचा आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१९ साली निवर्तले, तेव्हा त्यांचे ख्रिस्तायन अपुरे होते. लक्ष्मीबाईंनी ते ओझे आपल्या शिरावर घेतले व पुढील अध्याय रचून ग्रंथ पूर्णत्वास नेला. ज्या बाईंना शाळेचे शिक्षण असे लाभलेच नव्हते, त्यांनी पतीचे अपुरे वचन स्वतःचे ऋण मानिले. आणि त्यांची स्वतःची स्मृतिचित्रे, जी १९३४ पासून भागाभागाने पुस्तकरूपाने निघाली व आज मराठी गद्याचे भूषण मानली जातात, तीही जगापुढे आली ती पुत्र देवदत्त यांच्या पाठपुराव्यामुळे. टिळक कुटुंब आपल्या कॅथलिक मंडळीतील नव्हते; परंतु चांगला धडा कोणत्याही अंगणातून उचलावा. या घरात प्रत्येकाने दुसऱ्याच्या पुस्तकाची जबाबदारी घेतली. स्वतःच्या पुस्तकासाठी पळणे माणसास जड जाते, दुसऱ्याच्या पुस्तकासाठी मात्र तो उजळ माथ्याने पळू शकतो.

आपल्या मंडळीतील दाखला हवा असेल, तर निरोप्या मासिकाचा घ्यावा. फादर हेन्री डोरिंग या जर्मन येशूसंघीयांनी १९०३ साली अहमदनगर जिल्ह्यातील केंदळ या खेड्यातून ते सुरू केले. खेड्यात निघालेले मासिक शंभर वर्षांची मजल ओलांडते, ते एकट्या संपादकाच्या कर्तबगारीवर नव्हे. अंक वेळेवर निघाला पाहिजे असे लेखकास वाटावे, वर्गणी वेळेवर गेली पाहिजे असे वाचकास वाटावे, आणि दोघांनी एकमेकांस त्याची आठवण द्यावी, तेव्हाच असे घडते. आपल्याच काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी सुवार्ता मासिकाचे संपादन दीर्घकाळ केले. त्यांच्या सुबोध बायबलास साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. आणि २०२० साली उस्मानाबाद येथील ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. २०२४ साली ते प्रभुचरणी विलीन झाले. त्यांनी दार उघडून दिले आहे. मराठी वाचक ख्रिस्ती लेखकाचे ऐकावयास तयार आहे, ही गोष्ट आता सिद्ध करावयाची उरली नाही. उघड्या दारातून कोण जाणार, एवढाच प्रश्न आहे.

आता या कुंडलच्या भूमीस दोन शब्द विचारू. हे गाव पूर्वी औंध संस्थानात होते. याच्याच शेजारी १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंधच्या अधिपतींनी दिलेल्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसविली. लोखंडी नांगराने जमीन विषारी होते, अशी त्या काळी शेतकऱ्यांची समजूत होती, आणि त्यांचे पहिले नांगर खपावयास दोन वर्षे लागली असे सांगतात. नांगरासारखी उपयोगी वस्तू जर दोन वर्षे खपली नाही, तर कवितासंग्रह दोन महिन्यांत खपला नाही म्हणून डोळ्यांत पाणी आणणारा कवी थोडा उतावळा म्हटला पाहिजे. याच वाडीतून १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी किर्लोस्कर खबर काढिले, आणि पुढे स्त्री व मनोहर ही मासिकेही येथूनच निघाली. ज्या माळावर कुसळे उगवत, तेथून निघालेले अंक महाराष्ट्राच्या घरोघरी वाचले गेले. खेड्यात राहून पुस्तक खपत नाही, ही सबब निदान कुंडलच्या माणसाने सांगू नये.

याच गावाने दुसरेही एक शिक्षण दिले आहे. १९४३ नंतर क्रांतिसिंह नाना पाटील व जी. डी. बापू लाड यांच्या प्रतिसरकारचे कुंडल हे एक प्रमुख केंद्र होते. परकी न्यायासनाकडे पाठ फिरवून गावकऱ्यांनी आपले तंटे आपसांत सोडविले, म्हणजेच एकमेकांस जाब विचारण्याचा व देण्याचा अधिकार आपल्याकडे घेतला. त्याच्याही आधी, १९०४ च्या सहकारी कायद्याने ज्या ग्रामीण पतपेढ्या निघाल्या, त्यांत सभासदांची जबाबदारी अमर्याद असे. एकाने कर्ज बुडविले तर भार सर्वांवर. म्हणून कर्ज देताना शेजारी शेजाऱ्याचे शेत पाही, बैल पाही, आणि स्वभावही पाही. आणि हप्ता चुकला तर पारावर त्यास थांबवून विचारी. गरिबाजवळ तारण नव्हते. शेजाऱ्याचा डोळा हेच त्याचे तारण झाले. १९१८ साली मॉन्सिन्योर पी. जे. मोनीस यांनी वसईच्या कॅथलिकांत जी पतसंस्था रोविली, तिची पुढे बॅसीन कॅथलिक सहकारी बँक झाली. आणि कायदा, बँक हे शब्द बाजूस ठेवले तरी आपल्या आयाबहिणी भिशी चालवितात ती कशावर चालते? दहा बायका महिन्याच्या ठरल्या दिवशी ठरली रक्कम आणतात. नोंद एका साध्या वहीत. आणि कोणी चुकत नाही, कारण चुकल्यास उरलेल्या नऊ जणींच्या डोळ्यांस डोळा देता येत नाही.

आमची सूचना एवढीच की, लेखकांनी ग्रंथांची भिशी करावी. दहा लेखकांचे एक मंडळ कल्पा. प्रत्येकाने महिन्यास पाचशे रुपये ठेवावे. वर्षास साठ हजार होतील. एका प्रतीस ऐंशी रुपये खर्च येतो असे धरू. पाचशे प्रतींस चाळीस हजार लागतील. म्हणजे वर्षास एका सभासदाचे पुस्तक कर्जाशिवाय, पाटल्या न मोडता, छापून निघेल, आणि वीस हजार टपालखर्च, जाहिरात व अडीअडचण यांसाठी गंगाजळीत राहतील. पुस्तकाची किंमत दीडशे रुपये ठेविली, आणि दहाही सभासदांनी तीस तीस प्रतींची जबाबदारी घेतली, तर तीनशे प्रतींचे पंचेचाळीस हजार येतात व छपाईचा खर्च निघून वर पाच हजार उरतात. तीस प्रती बारा महिन्यांत, म्हणजे महिन्यास तीनही नव्हेत. पन्नास प्रती अभिप्रायासाठी व वाचनालयांसाठी ठेवाव्या. उरलेल्या दीडशे ग्रंथविक्रेते, यात्रा, संमेलने यांच्या वाट्यास जाव्या. आकडे ज्याने त्याने आपल्या गावच्या मानाने बदलावे. हिशेबाची रीत बदलू नये.

या मंडळास काही नियम हवेत. पहिला नियम असा की, छापण्यापूर्वी हस्तलिखित निदान तिघांनी वाचावे व खरे मत लेखी द्यावे. “छान आहे” हे मत नव्हे, ती पळवाट होय. जे पुस्तक अजून पिकलेले नाही, त्यास “थोडे थांब” असे म्हणणे हे मित्राचे पहिले कर्तव्य आहे. कारण कच्चे फळ विकणारा एक ग्राहक कायमचा गमावितो, आणि तोही सर्वांच्या वतीने गमावितो. दुसरा नियम, सभासदाने मुख्यतः दुसऱ्याचे पुस्तक विकावे. आपल्या मुलाची स्तुती आई करते ती कोणी मोजीत नाही. शेजारीण करते ती मोजली जाते. यासाठी ते पुस्तक आधी वाचलेच पाहिजे, हा त्यातील गुप्त लाभ. तिसरा नियम, महिन्यातून एकदा बैठक व्हावी, आणि प्रत्येकाने तीन प्रश्नांची उत्तरे द्यावी: काय लिहिले, काय वाचले, किती प्रती कोणास दिल्या. उत्तर शून्य असेल तर शून्य म्हणावे. सबब सांगू नये आणि सल्ला मागितल्यावाचून देऊ नये. चौथा नियम, पैशाची वही दोघांच्या हाती असावी, आणि वर्षाअखेर ती सर्वांपुढे वाचली जावी. येथे संत पौलाचा कित्ता गिरवावा. पाचवा नियम, फुकट प्रत कोणास द्यावयाची हे लेखकाने नव्हे, मंडळाने ठरवावे. म्हणजे मागणाऱ्यास नकार देण्याचे कडू काम एकट्याच्या माथी येणार नाही.

या मार्गात धोके आहेत, तेही सांगणे आमचे कर्तव्य आहे. जाब विचारणे आणि जाच करणे यांत एका अक्षराचे अंतर आहे, परंतु परिणामात जमीनअस्मानाचे. ज्या सभासदाच्या घरी आजारपण आहे, त्यास तीस प्रतींचा आकडा ऐकवू नये. त्याच्या वाट्याच्या प्रती इतरांनी उचलाव्या. गलतीकरांस पौल सांगतो की एकमेकांची ओझी वाहा, आणि थोड्याच ओळींनंतर असेही सांगतो की प्रत्येकाने आपला भार आपणच वाहिला पाहिजे. ही दोन्ही वचने एकाच हृदयात नांदली पाहिजेत. दुसरा धोका परस्परस्तुतीचा. तू माझे वाखाण, मी तुझे वाखाणतो, असा सौदा झाला की मंडळाचे रूपांतर कंपूत होते, आणि शहाणा वाचक त्या गल्लीत पुन्हा फिरकत नाही. तिसरा धोका आमच्यासारख्या धर्मगुरूंनी ओळखावा. वेदीवरून कोणतेही पुस्तक विकत घेण्याचा आग्रह कधी होऊ नये. भक्तीच्या दडपणाने घेतलेले पुस्तक कपाटात जाते. मनाच्या ओढीने घेतलेले पुस्तक हातोहात फिरते. देवळाच्या पटांगणात मेज मांडावे, पुस्तके ठेवावी, किंमत लिहावी, आणि माणसास मोकळे सोडावे.

आणि माणसास मोकळे सोडतानाच, येथे बसलेल्या वाचकांस एक विनंती. उत्तरदायित्व लेखकांपुरते नाही. लग्नात, बाप्तिस्म्यात, प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या दिवशी आपण कितीतरी वस्तू भेट देतो, ज्या वर्षाच्या आत मोडतात. त्या यादीत एका मराठी पुस्तकास जागा द्यावी, आणि ते किंमत मोजून घ्यावे. वाचून झाल्यावर लेखकास चार ओळी लिहाव्या. काय आवडले, काय पटले नाही, आणि पुढील पुस्तक केव्हा येणार. हा शेवटचा प्रश्न ज्याच्या कानी पडतो, तो लेखक दुसऱ्या दिवशी सकाळी कागद पुढे ओढतो. आपल्या हिंदू, मुसलमान, जैन शेजाऱ्यांसही आपली पुस्तके दाखवावी. धर्म बदलावा म्हणून नव्हे, तर आपल्या उंबऱ्याआड कसली सुखदुःखे नांदतात हे एकाच गावच्या माणसांस एकमेकांपासून कळावे म्हणून. ग. दि. माडगूळकरांनी लहानपणी ज्या गावी धडे गिरविले, त्या गावात अक्षराची भूक कोणत्याही एका धर्माची मक्तेदारी असणे शक्य नाही.

असो. महोत्सवात गेल्या वर्षांचा हिशेब आपण देवापुढे मांडला. आता येणाऱ्या वर्षांसाठी एकमेकांपुढे वही उघडावी. येथील लेखकांपैकी ज्यांस हा मार्ग पटेल, त्यांनी आज घरी जाण्यापूर्वी आपापसांत पहिल्या बैठकीचा दिवस ठरवावा. वार, वेळ आणि कोणाच्या घरी, एवढे ठरले म्हणजे निम्मे काम झाले. पलंगाखालचे गठ्ठे बाहेर निघोत, गहाण पडलेल्या पाटल्या सुटोत, मिटलेल्या लेखण्या पुन्हा चालू लागोत, आणि स्टीफन्सांच्या ओव्यांस ज्यांनी आपल्या कंठात आश्रय दिला त्या आपल्या पूर्वजांच्या पंक्तीत आपणही बसण्यास पात्र होवोत, अशी पवित्र मरियेच्या मध्यस्थीने प्रभुचरणी प्रार्थना करून आम्ही हे भाषण पुरे करतो.